डेटा आला, पण सेटिंग जुन्याच कॉम्प्युटरमध्ये राहिली

१४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या साधारण आठवडाभर आधी, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. बातमी दोन दिवस फिरली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे कॉम्प्युटर नेहमीसारखेच सुरू झाले, त्यामुळे बहुतेकांनी विषय तिथेच सोडला. खरी गडबड त्यानंतर सुरू झाली, आणि ती व्हायरसमुळे नाही. लोक हळूहळू मशीन बदलायला लागले आणि बदलताना अर्धा कॉम्प्युटर मागे विसरायला लागले.

जानेवारीत धुळ्याहून मामांचा फोन आला. त्यांचं मोटार-पंपाच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. दोन जीबी रॅमचा जुना डबा जाऊन आठव्या जनरेशनचा सेकंडहँड आय-फाइव्ह आला होता, त्यावर विंडोज ११. ज्याने मशीन बसवून दिलं त्याने बिलिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, डी ड्राइव्हवरचा डेटा फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला, उघडून दाखवलं आणि गेला. सगळे पार्टीवाले दिसत होते, स्टॉक दिसत होता. मग मामांनी दिवसभर बिलं फाडली आणि संध्याकाळी त्यांच्या लक्षात आलं. "बिल एकपासून निंघी ऱ्हायनं रे भो!"

एप्रिलपासूनची बिलं अठराशेच्या वर गेली होती. आणि नवीन मशीनने बिल नंबर १ पासून सुरुवात केली होती.

ज्यांचा जीएसटीशी संबंध येतो त्यांना यातली गंमत लगेच कळेल, बाकीच्यांसाठी सांगतो. सीजीएसटी नियम ४६ नुसार बिलाचा नंबर क्रमाने असावा लागतो आणि एका आर्थिक वर्षात तो परत यायला नको. साक्री, शिरपूरच्या दुकानदारांना दिलेली जीएसटी नंबरवाली बिलं जीएसटीआर-१ मध्ये चढवताना त्याच वर्षातला नंबर पुन्हा आला, तर पोर्टल डुप्लिकेट म्हणून एरर देतं. म्हणजे प्रश्न सॉफ्टवेअरचा, पण निस्तरणार सीए.

डेटा फोल्डर पूर्ण आला होता, एकही फाइल कमी नव्हती. मग शेवटच्या बिलाचा नंबर कुठे गेला? तो डेटा फोल्डरमध्ये कधी नव्हताच. तो रजिस्ट्रीत होता.

रजिस्ट्री म्हणजे नेमकं काय

पूर्वी, म्हणजे विंडोज ३ च्या काळात, प्रत्येक प्रोग्राम आपली सेटिंग डॉट आयएनआय नावाच्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवायचा. नोटपॅडमध्ये उघडा, वाचा, बदला. पण अशा फाइली ढीगभर झाल्या, त्यांच्या साइझला मर्यादा होती, आणि एका मशीनवर दोन माणसं बसत असतील तर कोणाची सेटिंग कोणती हे ठरवायची सोय नव्हती. म्हणून विंडोज एनटी आणि मग विंडोज ९५ पासून मायक्रोसॉफ्टने सगळ्यांसाठी एकच सामायिक कपाट केलं. तेच रजिस्ट्री. फोल्डरसारख्या खणांना 'की' म्हणतात आणि खणातल्या नोंदीला 'व्हॅल्यू'.

हे कपाट हवेत नसतं, त्याच्याही फाइली असतात, आणि ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे. पूर्ण मशीनची सेटिंग विंडोज फोल्डरच्या आत सिस्टिम३२, त्याच्या आत कॉन्फिग या फोल्डरमध्ये 'सॉफ्टवेअर', 'सिस्टिम' अशा नावांच्या फाइलींत असते. तुमच्या लॉगिनची सेटिंग तुमच्या युजर फोल्डरमध्ये 'एनटीयुजर डॉट डॅट' या लपवलेल्या फाइलमध्ये असते. या फाइलींना 'हाइव्ह' म्हणतात. डी ड्राइव्ह कॉपी करून यातलं काहीच येत नाही, कारण हे सगळं सी ड्राइव्हवर आहे. आपल्याकडे तर सी ड्राइव्ह म्हणजे फॉरमॅट मारायची जागा, असंच समीकरण आहे.

स्टार्टमध्ये 'रेजएडिट' टाइप केलं की हे कपाट उघडतं. (स्क्रीनवर सगळी नावं इंग्रजीत दिसतील, इथे मी उच्चाराप्रमाणे लिहितोय.) डावीकडे पाच मोठे दरवाजे दिसतात, पण आपल्या कामाचे दोनच: 'एच-की लोकल मशीन', म्हणजे पूर्ण मशीनसाठी, आणि 'एच-की करंट युजर', म्हणजे आत्ता लॉगिन केलेल्या माणसासाठी. दोन्हीच्या आत 'सॉफ्टवेअर' नावाची की आहे. तिच्यात कंपनीचं नाव, कंपनीच्या आत प्रोग्रामचं नाव. सरळमार्गी सॉफ्टवेअरचा पत्ता असा दोन मिनिटांत सापडतो.

आपल्याकडची सॉफ्टवेअर सरळमार्गी नाहीत ही अडचण आहे.

जळगाव-धुळ्याची सॉफ्टवेअर कुठे लपतात

खान्देशातल्या दुकानांत, पतसंस्थांत, जिनिंगच्या ऑफिसात जे चालतं त्यातलं बरंचसं कोणीतरी स्थानिक पोराने पंधरा-वीस वर्षांपूर्वी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेलं असतं. व्हीबी६ आलं १९९८ मध्ये, ते लिहिण्याच्या टूलचा सपोर्ट २००८ मध्येच संपला. पण त्यावर बनलेले प्रोग्राम चालवायला लागणारी मूळ फाइल मायक्रोसॉफ्ट आजही विंडोज ११ सोबत देतं. त्यामुळे ही सॉफ्टवेअर मरत नाहीत, फक्त ती लिहिणारा माणूस पुण्याला नोकरीला निघून जातो.

व्हीबी६ मध्ये सेटिंग साठवायला एका ओळीची कमांड होती, 'सेव्ह सेटिंग'. ती वापरली की विंडोज ती नोंद एका ठरलेल्या जागीच ठेवायचं: करंट युजर, सॉफ्टवेअर, आणि तिथे 'व्हीबी अँड व्हीबीए प्रोग्राम सेटिंग्ज' नावाची की. ना कंपनीचं नाव, ना काही. तुमच्या मशीनवर जुनं मराठी किंवा इंग्रजी बिलिंग असेल तर आधी इथेच बघा. मामांच्या प्रोग्रामने इथे प्रिंटरचं नाव, मार्जिन, डेटा फोल्डरचा पत्ता आणि शेवटचा बिल नंबर ठेवला होता. बिल नंबर इथे ठेवणं चूकच आहे, तो डेटाबेसमध्ये हवा. पण लिहिणाऱ्याला मी फार दोष देत नाही. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये हाताला येईल तिथे सेटिंग मीही ठेवली आहे.

दुसरा घोटाळा ३२ बिट आणि ६४ बिटचा. विंडोज ११ ची ३२ बिट आवृत्तीच नाही. जुन्या दोन जीबीच्या मशीनवर मात्र विंडोज १० ३२ बिट असायची. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्राम चालवला की त्याला लोकल मशीनमधली सॉफ्टवेअर की दाखवलीच जात नाही. विंडोज गुपचूप त्याला आतल्या 'वॉव६४३२नोड' नावाच्या वेगळ्या खणात पाठवतं. प्रोग्रामला पत्ता नसतो. म्हणून जुन्या मशीनवरून एक्सपोर्ट केलेली रेज फाइल नव्या मशीनवर डबल क्लिक करून टाकली, 'यशस्वी' असा मेसेजही आला, तरी प्रोग्राम म्हणतो मला काही सापडत नाही. नोंद बाहेरच्या खणात पडलेली असते आणि तो आतल्या खणात शोधत असतो. रेज फाइल नोटपॅडमध्ये उघडून पत्त्यात सॉफ्टवेअरच्या पुढे वॉव६४३२नोड घातलं की काम होतं. करंट युजरच्या सॉफ्टवेअर कीला ही भानगड लागू नाही, ती दोघांना सारखीच दिसते.

ओडीबीसीच्या डीएसएनचं रडगाणं याच घरातलं. कंट्रोल पॅनलमधून डीएसएन बनवला, टेस्ट केला, तरी सॉफ्टवेअर 'डेटा सोर्स नॉट फाउंड' म्हणतं, कारण तो ६४ बिटच्या खणात बनला. ३२ बिटवाला ओडीबीसी प्रोग्राम सिसवॉव६४ या फोल्डरमध्ये आहे. हो, ३२ बिटच्या गोष्टी ६४ नावाच्या फोल्डरमध्ये आणि ६४ बिटच्या सिस्टिम३२ मध्ये. मी छापण्यात चूक केलेली नाही, हे असंच आहे.

तिसरी जागा फार कमी लोकांना माहीत असते. जुने प्रोग्राम असं धरून चालायचे की आपल्याला पूर्ण मशीनवर लिहायची परवानगी आहे. व्हिस्टापासून विंडोजने ती काढून घेतली. पण असे प्रोग्राम एरर देऊन बंद पडू नयेत म्हणून त्यांनी लोकल मशीनमध्ये लिहायला घेतलं की विंडोज ते चुपचाप करंट युजर, सॉफ्टवेअर, क्लासेस, 'व्हर्च्युअल स्टोअर' इथे लिहून ठेवतं. परिणाम असा, की एकाच कॉम्प्युटरवर मालकाच्या लॉगिनमध्ये सेटिंग बरोबर आणि मुनीमजींच्या लॉगिनमध्ये गायब. हे कोडं सुटत नसेल तर व्हर्च्युअल स्टोअर उघडून बघा.

काही गोष्टी प्रोग्रामच्या नसतातच, विंडोजच्या असतात, पण गेल्या की माणूस सॉफ्टवेअरला शिव्या देतो. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या कंटिन्युअस कागदाचं खास माप लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, प्रिंट, 'फॉर्म्स' मध्ये असतं. टायपिंगचे कीबोर्ड करंट युजरच्या 'कीबोर्ड लेआउट', 'प्रीलोड' मध्ये. तिथे ४४ई ने संपणारा आकडा दिसला तर तो आपला मराठी, ४३९ वाला हिंदी. जुन्या डीटीपीच्या फॉन्टचंही तसंच. विंडोज १० च्या मधल्या आवृत्त्यांपासून फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल केला की तो फक्त तुमच्या लॉगिनपुरता बसतो आणि काही जुने प्रोग्राम तो बघतच नाहीत. राइट क्लिक करून 'सर्व युजरसाठी' वाला पर्याय घ्या.

आणि काही सॉफ्टवेअर रजिस्ट्रीला फारसा हातच लावत नाहीत. टॅलीची मुख्य सेटिंग, डेटाचा पत्ता धरून, टॅली डॉट आयएनआय फाइलमध्ये असते, जुन्या पद्धतीने. क्रोमची आवडनिवड ॲप-डेटा फोल्डरमधल्या 'प्रेफरन्सेस' नावाच्या फाइलमध्ये. त्यामुळे रजिस्ट्रीत काही सापडलं नाही, तर ॲप-डेटा, प्रोग्राम-डेटा आणि प्रोग्रामचा स्वतःचा फोल्डर बघायचा.

अंदाज नको, प्रोग्रामलाच पकडा

वरच्या सगळ्या जागा पाठ करायची गरज नाही. प्रोग्राम कुठे लिहितो हे त्याला लिहितानाच पकडता येतं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संग्रहातलं 'प्रोसेस मॉनिटर' हे फुकट टूल आहे, सगळे त्याला प्रॉकमॉन म्हणतात. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल या दोघांनी आधी रजिस्ट्रीसाठी रेजमॉन आणि फाइलींसाठी फाइलमॉन अशी दोन टूल्स लिहिली होती. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली आणि दोन्हीचं मिळून प्रॉकमॉन झालं. इन्स्टॉल करावं लागत नाही, पेन ड्राइव्हवरून चालतं.

उघडल्या उघडल्या सेकंदाला हजारो ओळी धावताना बघून घाबरू नका. फिल्टरमध्ये 'प्रोसेस नेम' म्हणून तुमच्या प्रोग्रामच्या ईएक्सईचं नाव द्या. अजून एक फिल्टर, 'ऑपरेशन' मध्ये 'रेज सेट व्हॅल्यू'. मग प्रोग्राममध्ये जाऊन एक साधी सेटिंग बदला, समजा मार्जिन ५ चं ६ करा, आणि सेव्ह दाबा. प्रॉकमॉनमध्ये एक-दोन ओळी उमटतील. त्यावर राइट क्लिक, 'जंप टू', की रेजएडिट थेट त्याच खणात उघडतं. काहीच उमटलं नाही तर ऑपरेशन बदलून 'राइट फाइल' करा, म्हणजे कोणत्या फाइलमध्ये लिहितोय ते दिसेल.

नवीन मशीनवर याची उलटी युक्ती चालते आणि मला ती जास्त आवडते. प्रोग्राम सुरू करा आणि 'रिझल्ट' मध्ये 'नेम नॉट फाउंड' चा फिल्टर लावा. प्रोग्राम कोणकोणत्या खणांत हात घालून रिकामा परत येतोय याची यादीच मिळते. यातल्या पुष्कळ ओळी निरुपयोगी असतात, विंडोजमध्ये शंभर गोष्टी असंच चाचपडून बघितल्या जातात. पण तुमच्या प्रोग्रामचं किंवा कंपनीचं नाव असलेली ओळ दिसली की ती कामाची. वॉव६४३२नोडचा घोटाळाही इथे उघडाच पडतो, कारण तो खरा कुठे शोधतोय ते पूर्ण पत्त्यासकट लिहिलेलं असतं.

सापडलेली की एक्सपोर्ट करणं अगदी सोपं: राइट क्लिक, एक्सपोर्ट, पेन ड्राइव्ह. पूर्ण रजिस्ट्री एक्सपोर्ट करून नव्या मशीनवर ओतायचा मोह मात्र टाळा. त्यात जुन्या मदरबोर्डचे ड्रायव्हर, जुने पत्ते सगळं येतं आणि नवीन विंडोज सुरू होईनासं होतं. आणि सगळंच उचलून नेता येतं असंही नाही. सेव्ह केलेले पासवर्ड बऱ्याचदा विंडोज त्या लॉगिनच्या किल्लीने कुलूपबंद करून ठेवतं. नोंद कॉपी होईल, पण नव्या मशीनवर ती उघडणार नाही. हार्डवेअरला बांधलेल्या लायसन्सचंही तेच. त्यासाठी कंपनीला फोन करण्याला पर्याय नाही, आणि तो जुनं मशीन चालू असतानाच करावा.

मुदत कधीपर्यंत, आणि तोवर काय

विंडोज १० च्या घरगुती वापरकर्त्यांना मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची वाढीव सुरक्षा दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. ३० डॉलर भरा, किंवा रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट वापरा, किंवा विंडोज बॅकअप सुरू करून सेटिंग मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडा म्हणजे फुकट. कंपन्यांसाठी दर वेगळा: पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं.

यातला फुकटचा पर्याय चांगला आहे, जरूर घ्या. पण 'विंडोज बॅकअप' या नावावर विसंबू नका. तो वॉलपेपर, वायफायचे पासवर्ड, काही फोल्डर, ॲपची यादी नेतो. तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर आणि त्याची रजिस्ट्रीतली सेटिंग तो नेत नाही. दुसरा एक गैरसमज इंजिनिअर लोकांतही आहे, की विंडोज स्वतःच रजिस्ट्रीची प्रत काढून ठेवतं. पूर्वी काढायचं, कॉन्फिगमधल्या 'रेजबॅक' फोल्डरमध्ये. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. आज तो फोल्डर बहुतेक मशीनवर रिकामा किंवा शून्य केबीच्या फाइलींचा सापडेल.

याच काळात रजिस्ट्री आणखी एका कारणाने गाजतेय. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि इंटेलची साधारण आठव्या जनरेशनपासूनची चिप लागते. जुन्या मशीनवर ही तपासणी चुकवायची एक रजिस्ट्री नोंद २०२१ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टनेच आपल्या पानावर छापली होती, नंतर काढून टाकली. आता तीच युक्ती रेज फाइल म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरते. नोंद खरी असेलही, पण रेज फाइल म्हणजे तुमच्या कपाटाची किल्ली. आत अजून काय लिहिलंय ते नोटपॅडमध्ये उघडून वाचल्याशिवाय डबल क्लिक करू नका. 'रजिस्ट्री क्लीनर' तर अजिबात नको. असल्या टूल्सना मायक्रोसॉफ्ट सपोर्ट देत नाही, आणि ते 'फालतू' म्हणून जे उडवतात त्यात व्हीबी६ च्या बेवारस दिसणाऱ्या नोंदी पहिल्या जाऊ शकतात.

आता मामांचं काय झालं ते. मी फोनवर पहिला प्रश्न विचारला, "मामा, जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट तर नाही ना केली?" नशिबाने ती काढून ड्रॉवरमध्ये टाकली होती. शनिवारी जळगावला घरी आलो, गोलाणी मार्केटमधून साटा-टू-यूएसबी केबल घेतली आणि रविवारी पारोळ्यावरून धुळे गाठलं.

डिस्क नव्या मशीनला बाहेरून जोडली. रेजएडिटमध्ये 'एच-की युजर्स' वर क्लिक करून फाइल मेनूमधून 'लोड हाइव्ह', आणि जुन्या डिस्कवरच्या मामांच्या युजर फोल्डरमधली एनटीयुजर डॉट डॅट निवडली. नाव विचारलं, 'जुना' दिलं. बंद मशीनचं कपाट चालू मशीनमध्ये उघडलं. सॉफ्टवेअर, व्हीबी अँड व्हीबीए प्रोग्राम सेटिंग्ज, आणि आत बिलिंगच्या नावाची की: लास्ट बिल १८४६. की एक्सपोर्ट केली, नोटपॅडमध्ये पत्त्यातलं 'एच-की युजर्स, जुना' काढून 'एच-की करंट युजर' केलं, फाइल मर्ज केली आणि 'अनलोड हाइव्ह' केलं. हे शेवटचं विसरलात तर ती फाइल अडकून बसते.

पुढचं बिल १८४७ नंबरचं निघालं, पण अर्ध्यातच कागद पुढे सरकला. कागदाचं माप करंट युजरमध्ये नसतं, ते पूर्ण मशीनच्या सिस्टिम हाइव्हमध्ये असतं. मग कॉन्फिग फोल्डरमधली सिस्टिम फाइल लोकल मशीनखाली लोड केली. बंद मशीनच्या हाइव्हमध्ये 'करंट कंट्रोल सेट' दिसत नाही, 'कंट्रोल सेट ००१' बघावं लागतं. मी स्वतः तिथे दहा मिनिटं घालवली. फॉर्म्समध्ये त्यांच्या कागदाचं नाव सापडलं. माप आकड्यांच्या सांकेतिक रूपात होतं, म्हणून ते उचलत बसलो नाही. पट्टीने कागद मोजला, १० बाय ६ इंच, आणि प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये त्याच नावाने नवा फॉर्म बनवला.

मधल्या काळात १ ते २३ नंबरची जी बिलं गेली, त्यांचं सीए बघतायत. जुनी हार्ड डिस्क मामांनी रोजमेळाच्या वह्यांसोबत कपाटात ठेवली आहे, वर डॉक्टर टेप लावून तारीख लिहून.